हिरवा फोटो, राखाडी आकाश

अरोराचे फोटो बघून हल्ली माझं डोकं उठतं. हे वाक्य कॅनडातल्या एडमंटनमध्ये राहणाऱ्या बाईनं लिहावं, म्हणजे जिला थोडं गावाबाहेर गेलं की अरोरा दिसू शकतो तिनं, हे काहींना कृतघ्नपणाचं वाटेल. वाटू दे. गेली अकरा वर्षं इथल्या थंडीत कुडकुडत मी तो बघत आलेय आणि पुढेही बघणार आहे. माझं भांडण आकाशाशी नाही. कॅमेऱ्याशीही नाही. भांडण आहे ते फोटो टाकून गप्प बसणाऱ्यांशी.

मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही :) अरोराचा फोटो चार लोकांना दाखवणाऱ्यानं त्याखाली दोन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. एक, शटर किती सेकंद उघडं होतं. दोन, त्या वेळी नुसत्या डोळ्यांना काय दिसत होतं. बस्स. दोन ओळींचं काम आहे. पण ते जवळजवळ कुणीच करत नाही, आणि न केल्यामुळे जे होतं ते वाटतं तितकं किरकोळ नाही.

एक उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. १० मे २०२४ च्या रात्री फार मोठं भूचुंबकीय वादळ झालं. सूर्यावरच्या एका प्रचंड डागसमूहातून लागोपाठ सुटलेले भारित कणांचे लोट येऊन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळले. जी-५, म्हणजे मोजपट्टीवरची सगळ्यात वरची पायरी. त्याआधी ही पायरी २००३ साली गाठली गेली होती. दोन दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस. त्यातला एक 'आपल्या लडाखमध्ये दिसलेला अद्भुत नजारा' म्हणून आलेला. हिरवेगार पडदे, मागे समुद्रातून वर आलेले बर्फाचे सुळके, आणि पुढे लाल रंगाची लाकडी झोपडी. लडाखमध्ये समुद्र! (ती लाल झोपडी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या मासेमारांची असते. अरोराच्या निम्म्या कॅलेंडरांवर तीच असते.)

गंमत अशी की लडाखमध्ये त्या पहाटे खरोखरच काहीतरी घडलं होतं. हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर आपली वेधशाळा आहे, भोवतीचं आकाश मुद्दाम काळोखं राखलेलं आहे. तिथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ गडद लाल उजेड टिपला. हिरवं काही नाही, पडदे नाहीत, नुसता लाल पट्टा. अभ्यासकांनी त्याला स्थिर लाल कमान म्हटलं. असली कमान जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर असते, म्हणून ती इतक्या दक्षिणेकडूनही क्षितिजाच्या वर डोकावते. आणि ती सहसा नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी उजळ नसते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कॅमेऱ्यानं भारताच्या आकाशात पकडली. मला विचाराल तर हे त्या हिरव्या पडद्यांपेक्षा दसपट भारी आहे! पण ग्रुपवर त्याचं कुणाला काय? हिरवं नाही म्हणजे अरोरा नाही, हे एव्हाना सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. खरा लाल फोटो मागे पडला आणि नॉर्वेची झोपडी लडाखला पोचली.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, बरंचसं दहावीचंच आहे.

आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी अगदी कमी उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. म्हणूनच दिवे गेल्यावर कपाटातली हिरवी साडी आणि मरून साडी सारखीच दिसते. अरोरा बऱ्याचदा असतो तो या दुसऱ्या पेशींच्या हद्दीत. त्यामुळे तो दिसतो पांढुरका, राखाडी, फार तर किंचित हिरवटपणाचा भास होणारा. शिवाय या दंडाकार पेशी काळोखाला पुरत्या सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच फोनच्या पडद्याकडे एकदा बघितलं की केलेली बरीचशी कमाई पाण्यात.

कॅमेऱ्याचं तसं नाही. डोळा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागापुरता उजेड साठवतो आणि पुढे सरकतो. कॅमेरा आठ सेकंद शटर उघडं ठेवून बसतो, म्हणजे वेळेच्या हिशेबात ऐंशी पट. वर त्याच्या प्रत्येक बिंदूवर रंगाची गाळणी बसवलेली असते, त्यामुळे उजेड कितीही थोडा असला तरी तो रंगाचा हिशेब ठेवतोच. फोनमधला नाइट मोड २०१८-१९ पासून सर्रास आला. तो एकामागून एक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर चढवतो, मग स्वतःच्या अकलेनं उजळवतो आणि रंग गडद करतो. आपण बटण दाबलं की झालं.

रंग खोटा असतो का? नाही. वर शंभर ते दीडशे किलोमीटरवर ऑक्सिजनचे अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतात. दोनशे किलोमीटरच्या वर तेच अणू ६३० नॅनोमीटरचा लाल देतात. जांभळं-निळं-गुलाबी हे नायट्रोजनचं काम. हे सगळं तिथे असतंच. आणि अरोरा जोरात असेल तर डोळ्यांनाही रंग स्वच्छ दिसतो. पोपटी हिरवा, आणि खालच्या कडेला धावणारी गुलाबी किनार. मी बघितलाय. अकरा वर्षांत असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आले. बाकीच्या पुष्कळ रात्री? पुष्कळ रात्री उत्तरेला एक पांढुरकी कमान.

आणि इथेच माझ्या मावशीची गोष्ट सांगायला हवी.

सप्टेंबर २०२३ मध्ये मावशी आणि काका नाशिकहून आमच्याकडे आले होते. दोघांची सत्तरी जवळ आलेली. मावशीला इथलं काहीही दाखवा, म्हणजे मॉल, नदी, रॉकी पर्वत, ती म्हणायची, "छान आहे गं, पण ते हिरवं कधी?" एका निरभ्र रात्री आम्ही त्यांना घेऊन एल्क आयलंडला गेलो. शहराच्या पूर्वेला पाऊण तासावर राष्ट्रीय उद्यान आहे, बायसन मोकळे फिरतात, आणि तिथल्या अ‍ॅस्टोटिन तळ्याच्या काठावरून उत्तरेचं आकाश उघडं मिळतं. मावशी शालीवर जाकीट आणि त्यावर माझी जुनी पार्का अशा थाटात काठावर उभी राहिली. दहा-पंधरा मिनिटं गेली.

मग म्हणाली, "अगं, तो ढग जरा बाजूला झाला की दिसेल ना?"

"कुठला ढग?"

"तो काय, तळ्याच्या पलीकडे. लांबच लांब पसरलाय मेला."

तो ढग नव्हता. तोच अरोरा होता. ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, त्याच्याखाली उभी राहून ती तो बाजूला व्हायची वाट बघत होती.

मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तेवढ्यात काकांनी फोन वर धरला, तीन सेकंद हात स्थिर ठेवला, आणि ओरडलेच, "अगं हे बघ! हे बघ हिरवं!" मावशीनं फोनमध्ये बघितलं. मग आकाशात बघितलं. मग परत फोनमध्ये. आणि हळू आवाजात मला म्हणाली, "मग मलाच का नाही गं दिसत? ऑपरेशन केलेल्या डोळ्याचं असेल का?"

तिचं आदल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

माझा सगळा राग या एका वाक्यावर उभा आहे. वयानुसार बाहुली काळोखात थोडी कमी उघडते हे खरं, पण शेजारी उभ्या असलेल्या माझ्या धडधाकट डोळ्यांनाही तेच राखाडी दिसत होतं. तिच्या डोळ्यांत काही बिघाड नव्हता. बिघाड होता तिनं आयुष्यभर पाहिलेल्या शेकडो फोटोंखालच्या मौनात. त्यांतल्या एकाही फोटोनं तिला सांगितलं नव्हतं की बाई गं, हा आठ सेकंदांचा उजेड आहे, तुझ्या डोळ्यांना हे पांढुरकं दिसेल आणि ते तसंच दिसायचं असतं. तेव्हा फोटो आणि डोळा यांत भांडण लागलं आणि तिनं फोटोच्या बाजूनं निकाल दिला. साहजिक आहे. फोटो शेकडो होते, डोळे दोन.

दुसऱ्या दिवशी काकांनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'डोळ्यांचं पारणं फिटलं!' माझ्या मामेभावानं विचारलं, एवढं हिरवं दिसतं का हो? काकांनी लगेच लिहिलं, 'याहून जास्त!' (काका, रागावू नका. तुमची परवानगी घेऊनच लिहितेय.) काका खोटारडे नाहीत. पण इतक्या लांब आल्यावर, भाच्यांना आणि नातवंडांना काय सांगणार, ढग बघितला म्हणून? त्यामुळे ज्याची फसगत झाली तोच पुढच्याची फसगत करतो, आणि तीही पूर्ण सद्भावनेनं. आता मामेभाऊ येईल तेव्हा तोही तळ्याकाठी उभा राहून ढग बाजूला व्हायची वाट बघणार आहे.

यावर माझ्याशी वाद घालणाऱ्यांची तीन-चार ठरलेली वाक्यं आहेत. एकेक घेते.

पहिलं वाक्य, 'प्रकाश तर खरा आहे ना? कॅमेरा डोळ्यापेक्षा जास्त बघतो, मग ते खोटं कसं?' मी खोटं म्हटलंच नाहीये. कॅमेरा जास्त बघतो म्हणून तर अरोराचं शास्त्र उभं राहिलं. अरोराचा पहिला फोटो १८९२ साली मार्टिन ब्रेंडेल या जर्मन माणसानं उत्तर नॉर्वेतल्या बोसेकोपला काढला, तो कृष्णधवल आणि पुसट होता. पुढे कार्ल स्टॉर्मर या नॉर्वेच्या गणितज्ञानं काय केलं बघा. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे ठेवले, दोन्हीकडची माणसं टेलिफोननं जोडली, आणि एकाच क्षणी दोन्हीकडून फोटो घेतले. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत अरोरा दोन फोटोंत किती सरकलेला दिसतो यावरून त्याची उंची काढली. असे हजारो फोटो. खालची कड साधारण शंभर किलोमीटरवर असते हे आपल्याला त्यातूनच पक्कं कळलं. पण वेळ नोंदवलेली नसती तर त्या फोटोंची किंमत शून्य होती. स्टॉर्मरचा फोटो म्हणजे फोटो अधिक नोंद. आपण फोटो ठेवला आणि नोंद फेकून दिली.

आमच्या अल्बर्टातलंच ताजं उदाहरण घ्या. इथले हौशी फोटोवाले एका जांभळट, अरुंद, पूर्व-पश्चिम पसरलेल्या पट्ट्याचे फोटो काढत होते. तो नेहमीच्या अरोरात बसत नव्हता. त्यांनी त्याला गमतीनं 'स्टीव्ह' नाव दिलं, शास्त्रज्ञांनी उपग्रहाची मोजमापं त्या फोटोंशी जुळवली, आणि २०१८ मध्ये त्यावर रीतसर शोधनिबंध आला. हौशी माणसांच्या कॅमेऱ्यांनी विज्ञानात भर घातली! मला याचा अभिमान आहे. पण ते जमलं ते कुठून, केव्हा, किती वाजता हे त्यांच्याकडे होतं म्हणून. नुसता 'वाव' लिहून जमलं नसतं.

दुसरं वाक्य, 'ही कला आहे, कलेला पुरावे मागायचे नसतात.' मान्य. मग कला म्हणा. १८९९ मध्ये डॅनिश मोहिमेबरोबर हाराल्ड मोल्टके नावाचा चित्रकार आइसलंडला गेला, पुढच्या हिवाळ्यात उत्तर फिनलंडला. काम काय, तर अरोराची चित्रं काढणं, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्याला तो धड जमत नव्हता. त्याची चित्रं बघा, त्यांत रंग बेतानं आलेत. चित्र समोर आलं की बघणाऱ्याला माहीत असतं, हे एका माणसाच्या डोळ्यांतून आणि हातातून आलंय. फोटोची गोष्ट वेगळी. फोटो 'हे असं होतं' म्हणत येतो. त्या विश्वासाचा फायदा घ्यायचा आणि कुणी विचारलं की कलेच्या मागे लपायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

तिसरं वाक्य, 'हे आता सगळ्यांना माहीत असतं.' कुणाला? माझ्या मावशीला नव्हतं. काकांना नव्हतं, आणि काका निवृत्त इंजिनिअर आहेत. काही लाख रुपये मोजून चार रात्रींच्या सहलीला ट्रोम्सोला जाणाऱ्या जोडप्यांना असतं का? जाहिरातीत दोघं हातात हात घालून उभी, वर आख्खं आकाश हिरवं पेटलेलं, आणि चेहऱ्यावर ठळक उजेड. असा अरोरा होत नाही असं नाही. पण चारच रात्री हातात असतात, त्यातल्या काही ढगांत जातात आणि काही चांदण्यात. मग उरलेल्या एका रात्री राखाडी कमान दिसते, सगळे फोन वर करतात, आणि परत येताना बसमध्ये प्रत्येक जण दुसऱ्याचा फोटो मागत असतो. आकाशात काय दिसलं हे कुणी कुणाला विचारत नाही. (एका सहलीत माझी शेजारीण होती. तिनं हे सांगितलं तेव्हा हसू की रडू कळेना.)

चौथं वाक्य सगळ्यात लाघवी असतं. 'जाऊ दे ना, लोकांना आनंद मिळतोय, तू कशाला त्यात मिठाचा खडा टाकतेस?' याचं उत्तर द्यायला मला परत तळ्यावर जावं लागेल.

काकांचा फोटो झाल्यावर मी जरा दादागिरी केली. सगळ्यांचे फोन काढून घेतले आणि गाडीत ठेवले. गाडीचे दिवे बंद. म्हटलं, वीस मिनिटं फक्त उत्तरेकडे बघायचं. काका कुरकुरले, मग थर्मासमधला चहा मिळाल्यावर गप्प बसले. लांब कुठेतरी कोल्हेकुई चालू होती. साधारण अर्ध्या तासानं कमानीची खालची कड जरा उजळली. मग तिच्यातून बारीक बारीक उभे दांडे निघाले आणि डावीकडून उजवीकडे सरकायला लागले, पेटीवर कुणीतरी भराभर बोटं फिरवावीत तसे. तेव्हाही रंग फारसा नव्हताच, फिकट हिरवटपणा म्हणा. पण मावशीनं माझा हात घट्ट धरला.

"हलतंय गं! अगं, हे हलतंय!"

थोड्या वेळानं म्हणाली, "हलतं म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं."

कसं सांगणार? फोटोत ते नसतंच. कॅमेरा जास्त बघतो म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो, तो कमीही बघतो. पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते सगळे धावणारे दांडे एकमेकांत मिसळून हिरवा रस्सा होतो. मध्यरात्रीनंतर बऱ्याचदा अरोराचे नुसते फिकट ठिपके उरतात आणि काही सेकंदांच्या ठेक्यानं विझतात-पेटतात, आकाशानं श्वास घ्यावा तसे. जगातल्या अत्यंत विलक्षण गोष्टींपैकी ही एक आहे, आणि लांब एक्स्पोजरच्या फोटोत ती दिसते धुकं म्हणून. रंग मिळाला, चाल गेली. हा सौदा आहे. सौद्याचा एकच हिस्सा दाखवायचा आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, याला काय म्हणायचं?

तेव्हा आनंदावर मिठाचा खडा मी टाकत नाहीये. मावशीचा आनंद त्या फोटोंनीच अडवून धरला होता. ते डोक्यातून बाजूला झाल्यावर तिला अरोरा दिसला. तिच्या भाषेत सांगायचं तर ढग बाजूला झाला.

आणखी एक जुनी गोष्ट. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री जे चुंबकीय वादळ झालं त्यात अरोरा चक्क आपल्या मुंबईतून दिसल्याची नोंद तेव्हाच्या वृत्तपत्रात आहे. समुद्राखालच्या तारायंत्रांच्या केबलमध्येही गडबड झाली होती. ब्रेंडेलच्या पहिल्या फोटोला तेव्हा अजून वीस वर्षं अवकाश होता. म्हणजे ज्या कुणी मुंबईकरांनी त्या रात्री मान वर करून पाहिलं, त्यांच्या डोक्यात अरोराचं कुठलंही छायाचित्र नव्हतं. आकाशात काहीतरी भलतं दिसतंय एवढंच. आपल्या डोळ्यांना कमी दिसतंय की काय, अशी शंका यायचं त्यांना काही कारण नव्हतं. दीडशे वर्षांनंतर आपल्याकडे कॅमेरे आहेत, उपग्रह आहेत, तासातासाचे अंदाज आहेत, आणि आपण अरोराखाली उभे राहून फोनला विचारतो, आहे का रे?

असो. नुसती चिडचिड करून उपयोग नाही, उपायही सांगते. तो सोपा आहे आणि माझ्या डोक्यातून निघालेला नाही.

अरोराची चमक डोळ्यांनी ठरवायची चार पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तिला उपकरण लागत नाही. पहिली पायरी, आकाशगंगेइतका फिकट. इथे रंग दिसत नाही. दुसरी, चांदण्यात विरळ पिंजलेले ढग दिसतात तितका. तिसरी, चांदण्यात कापसासारखे जाड ढग चमकतात तितका. चौथी, जमिनीवर पौर्णिमेसारखा उजेड पडतो तितका. बघा किती साधी आहे. आकाशगंगा आणि चांदण्यातले ढग कुणालाही कळतात. माझ्या मावशीनं पाहिला तो अरोरा आधी पहिल्या पायरीवर होता, नंतर जेमतेम दुसरीवर आला. आणि गंमत म्हणजे या मोजपट्टीतही ढगांशीच तुलना आहे. मावशी काही चुकीचं बोलत नव्हती!

तर फोटोखाली असं लिहा. 'आठ सेकंद. डोळ्यांना पांढुरकी कमान, पहिली पायरी, हालचाल नाही.' किंवा, 'दीड सेकंद. डोळ्यांना हिरवा स्वच्छ, खाली गुलाबी कड, तिसरी पायरी, पाच मिनिटं टिकला.' पहिल्या ओळीनं तुमच्या फोटोची शान कमी होत नाही. उलट वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही तिथे खरंच होतात आणि वर बघत होतात. आणि दुसरी ओळ ज्या दिवशी लिहायला मिळेल त्या दिवशी तिच्यावर विश्वास बसेल, कारण आदल्या वेळी तुम्ही पहिली लिहिली होती. आज कुणी सांगितलं की परवा डोळ्यांना गुलाबी दिसला, तर आम्ही इथले लोकसुद्धा मनात म्हणतो, हो, फोनला दिसला असेल. खरा दिसलेला रंगही आपण असा वाया घालवून बसलोय.

आणि बघायला जाणार असाल तर एवढंच करा. पहिली वीस मिनिटं फोन खिशात. मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की पांढुरकं दिसेल, आणि नंतर हलेल. फोटो काढायचाच, मीही काढते, पण तो बघून झाल्यावर. एक्स्पोजर जमेल तितकं कमी ठेवा, म्हणजे निदान दांडे तरी दांड्यांसारखे दिसतील. आणि फोनच्या पडद्यावरचा हिरवा रंग शेजाऱ्याच्या नाकासमोर धरू नका, त्याच्या डोळ्यांची अर्ध्या तासाची मेहनत फुकट जाते.

सूर्याची ही पंचविसावी नोंदलेली आवर्तनं-गणती, तिचा कमाल काळ आल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं होतं. पण कमाल काळानंतर उतरतीच्या वर्षांतही मोठी वादळं होतात. २००३ ची वादळं तशीच उतरतीतली होती. म्हणजे फोटो येतच राहणार, आमच्याकडे पाहुणेही येत राहणार. या दोन्हींचं मनापासून स्वागत आहे. फक्त ग्रुपवरच्या सगळ्या भाऊ-वहिनी-काका-आत्या मंडळींना आताच सांगून ठेवते. यापुढे कुणीही हिरवा फोटो टाकला की मी अंगठा दाखवणार नाही, बदामही पाठवणार नाही. मी फक्त विचारणार आहे, किती सेकंद? आणि डोळ्यांना काय दिसलं?

उत्तर 'ढग' असं आलं तरी चालेल. मी तुम्हाला दहापैकी दहा देईन.